खोगीरवाल्याकडची पोर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा फोन आला, तेव्हा गॅदरिंग, सहल, बक्षीस समारंभ यातलं काहीच आठवेना. आठवला तो नववीतला एक ऑफ तास.

पावसाने पत्रे वाजत होते आणि सर ओरडून गोष्ट सांगत होते. ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’, वॉल्टर स्कॉटची १८१८ ची कादंबरी. काळ १७३६ चा, गाव एडिंबरो. एफी डीन्स ही गवळ्याची पोर, खोगीरवाल्याकडे कामाला राहिलेली. मालकाला कायद्याचं वेड. हा दिवसभर कोर्टात, दुकान बायको बघणार. “खोगीरभरती!” सर म्हणाले आणि आम्ही खिदळलो. त्याच घरात पोरीला दिवस गेले. मालकीण आजारी, मालक कलमं पाठ करण्यात गुंग. तिला नादी लावणारा बड्या घरचा, नाव बदलून फिरणारा. त्याने ज्या म्हातारीकडे बाळंतपणाला धाडलं, तिथूनच मूल नाहीसं झालं. आणि १६९० चा कायदा असा, की गरोदरपण लपवलं, बाळंतपणात कुणाला हाक मारली नाही आणि मूल मेलं किंवा सापडलंच नाही, तर आईनेच मारलं असं धरायचं. शिक्षा फाशी.

“मला तिने सांगितलं होतं,” एवढं थोरली बहीण जीनी कोर्टात म्हणाली असती, तर एफी सुटली असती. ती खोटं बोलली नाही. मग माफीसाठी बरीचशी वाट पायी तुडवत लंडनला राणीपर्यंत गेली.

खोटं बोलावं की नाही? सरांनी हात वर करायला लावले. मोजता मोजता मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. शाळेआधी दोन घरची भांडी घासून यायची. बोटांच्या पेरांना भेगा.

“सर, त्या माणसाचं काय झालं?”

“तो पुढे सर जॉर्ज झाला. एफीशी लग्नही केलं.”

“तसं नाही. कोर्टात काय झालं?”

“या खटल्यात त्याच्यावर आरोपच नव्हता.”

ती खाली बसली. त्या दोन घरांतलं एक आमचं. मी दप्तरात उगाचच पट्टी शोधत राहिलो.

चाळिशीत कादंबरी हाती लागली. शेवटी सर जॉर्ज त्याच हरवलेल्या मुलाच्या हातून मरतो. तास संपल्यामुळे सरांचं ते सांगायचं राहिलं असेल. तिला कळवावं असं फार वाटलं. पण तिने विचारलं होतं ते कोर्टाचं.