गेरेला शिकवायला जाणाऱ्यांनी घराच्या करारावर सही करण्यापूर्वी

वडील कानडी, आई मराठी आणि बालपण बेळगावचे; तेव्हा तिसरी भाषा तुला काय जड, असे सगळ्यांनी सांगितले आणि मीही ते खरे मानले. प्रत्यक्षात बेळगावने लावलेली सवयच फ्रान्समध्ये नडली. आमच्याकडे मराठीत अडले की कानडीत शिरायचे. ऐकणाऱ्याला दोन्ही येत असल्याने एकही वाक्य नेटाने शेवटपर्यंत न्यावे लागत नाही. क्रझ जिल्ह्यातील गेरे या गावी ही पळवाट नव्हती, म्हणून न कळलेल्या वाक्यालाही मी मान डोलवू लागलो. त्यापायी माझे 760 युरो अडकले.

मी गेरेला शाळेत इंग्रजी शिकवणारा सहायक म्हणून गेलो होतो. फ्रेंच शाळांतील अशा सहायकाचा करार ऑक्टोबर ते एप्रिल असा सात महिन्यांचा आणि आठवड्याला 12 तासांचा असतो. माझ्या हाती महिन्याला सुमारे 800 युरो पडत. पहिला पगार नोव्हेंबरअखेरीस मिळाला, तेव्हा दोन महिन्यांची सोय घरूनच करून निघावे. पॅरिसच्या विमानतळावरून गार द्यु नोर स्थानक, तेथून 5 क्रमांकाच्या मेट्रोने ऑस्टरलित्झ स्थानक, पुढे लिमोझच्या गाडीने ला सुतरेन आणि मग बस, हा प्रवास दोन बॅगा उचलून जिने चढू शकणाऱ्यानेच एका दिवसात करावा.

आता घराविषयी. 2018 च्या कायद्याने फ्रान्समध्ये ‘बाय मोबिलिते’ नावाचा एक ते दहा महिन्यांचा, सामानसुमानासह दिल्या जाणाऱ्या घराचा करार आणला, आणि त्यात अनामत घेण्यास सक्त मनाई आहे. माझ्या करारावर हेच शीर्षक ठळक अक्षरांत छापलेले असताना मालकाने 380 युरो भाड्याच्या दुप्पट अनामत मागितली आणि मी ती, प्रवासाने आंबलेल्या डोक्याने, मुकाट्याने भरली. तिशीच्या आतील भाडेकरूला ‘व्हिझाल’ ही भाड्याची हमी फुकट मिळते. ती निघण्यापूर्वीच मागून ठेवावी, म्हणजे जामीनदाराचा प्रश्न मिटतो. साधा सामानसहित करार असेल तर दोन महिन्यांपर्यंतची अनामत कायदेशीर आहे, म्हणून शीर्षक आधी वाचावे आणि रक्कम नंतर बोलावी.

वर्गात फारसा त्रास झाला नाही. ‘तुम्ही हिंदू बोलता का?’ असे मुले विचारत. फळ्यावर एकच नाव कानडी आणि देवनागरीत लिहून दाखवले की तास निघून जाई. वसंतातले सहा आठवडे सुखाचे गेले, त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

भाषा शिकण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: इंग्रजी बोलणाऱ्या सहायकांबरोबर घर घेऊ नये. पुस्तकातले ‘झ न से पा’ (मला माहीत नाही) तेथे ‘शे पा’ होऊन कानावर आदळते, आणि ते वर्गात नव्हे तर बेकरीच्या रांगेत उमगते. कळले नाही तर तसे सांगून पुन्हा विचारावे. लाज वाटली तरी ती 760 युरोंपेक्षा स्वस्त पडते.

अनामत मला मे महिन्यात परत मिळाली, तीही पोचपावतीच्या रजिस्टर पत्राने कायद्याचा हवाला दिल्यावर. हे पत्र फ्रेंचमध्येच लिहावे; माझ्या इंग्रजीतल्या दोन ईमेलना उत्तरच आले नव्हते.