सॅलमँडर पोहला! फेज लॅगचा दोष नव्हताच

तीन आठवडे अडून बसलेला माझा सॅलमँडर रोबो (पालीसारखा दिसणाऱ्या, जमिनीवर चालणाऱ्या आणि पाण्यात पोहणाऱ्या उभयचर प्राण्याची नक्कल) काल रात्री टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पोहत गेला. मी तो व्हिडिओ दहादा तरी पाहिला असेल.

जमिनीवरचं चालणं आधीसारखंच चांगलं आहे. घोडं अडलं होतं ते पाण्यात. पाय मागे दुमडायचे, वळवळ जोरात व्हायची, पण स्वारी जागची हलायची नाही. मी फेज लॅगच्याच, म्हणजे लाटेत प्रत्येक सांधा आधीच्या सांध्यापेक्षा किती मागे राहतो त्याच्याच मागे लागलो. कण्यात सहा सांधे, अंगभर एक पूर्ण लाट, म्हणजे दर सांध्याला ६० अंश. ४५ करून पाहिले, ७५ करून पाहिले, शेपटीला रुंद पर लावला. काडीचा फरक नाही.

शेवटी पाठीवर पांढरे ठिपके दिले आणि वरून स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. एकेक फ्रेम सरकवत गेलो, तर मधले ठिपके डावी-उजवीकडे झुलताहेत; खांद्याचा आणि कमरेचा मात्र जवळजवळ जागेवरच. अरे, ही तर चालतानाची स्थिर, जागच्या जागी झुलणारी लाट! पोहताना लाट डोक्याकडून शेपटीकडे सरकायला हवी, तरच पाणी मागे रेटलं जातं.

पाय दुमडायला मी फक्त सर्व्होंना, म्हणजे सांधे फिरवणाऱ्या छोट्या मोटरींना, ठरावीक कोन दिला होता. पायांचे ऑसिलेटर (हालचालीचा ताल देणारे कोडचे भाग) चालूच होते आणि कण्याला आपल्या तालावर ओढत होते. ईपीएफएल या स्वित्झर्लंडमधल्या तंत्रविद्यापीठातल्या आउके आइस्पीर्त यांच्या गटाच्या २००७ च्या सॅलमँडर रोबोच्या मॉडेलचं मर्मच हे: ड्राइव्ह (सगळ्या ऑसिलेटरना वरून मिळणारा चालना-संकेत) एका मर्यादेपलीकडे गेला की पायांचे ऑसिलेटर गप्प होतात आणि कणा मोकळा होतो. ती मर्यादा घातली, लॅग पुन्हा ६० वर आणला, आणि पहिल्याच फेरीत पोहला.

वॉटरप्रूफ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त सर्व्होंवर विसंबू नका. माझ्या दोघांत पाणी शिरलं. शाफ्टला सिलिकॉन ग्रीस भरलेले बाकीचे कोरडे आहेत.

चालण्यातून पोहण्यावर आपोआप जाता यावं म्हणून पुढे पाणी ओळखणारा सेन्सर बसवणार होतो. पण हे लिहिता लिहिता सी. एलेगन्स आठवला. हा जेमतेम १ मिलिमीटरचा कृमी पाण्यात सेकंदाला साधारण दोनदा वळवळतो, अगारवर (प्रयोगशाळेतल्या जेलीसारख्या थरावर) त्याच्या चौथाईने, आणि तिथे लाटही आखूड होते. द्रव दाट करत नेला की चाल हळूहळू बदलत जाते. मग सेन्सर कशाला? सर्व्होंचा करंट वाचून विरोधाप्रमाणे ड्राइव्हच कमी-जास्त करता येईल. रविवारी पातळ चिखलात सोडून बघतो.