तुम्ही विचारलंत म्हणून: घड्याळ पॉलिश का करून घेत नाही

लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा माणूस आधी माझ्या मनगटाकडे बघतो, मग तोंडाकडे. "ओमेगा ना? ओरिजिनल?" मी हो म्हणतो. मग तो मनगट धरून उजेडाकडे वळवतो, आणि ठरलेला प्रश्न येतो. "अहो, एवढं भारी घड्याळ आणि अंगभर ओरखडे? पॉलिश तरी करून घ्या की!"

साडूंनी विचारलंय, व्याह्यांनी विचारलंय, आमच्या सीएंनी विचारलंय. मिरजेच्या एका डॉक्टरांनी तर बीपी बघता बघता विचारलं. आणि मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं. वेळ मिळत नाही. दिवाळीत करू. वस्तू वापरायलाच असते. यातलं एकही उत्तर खरं नव्हतं, म्हणून आता सगळं एकदाच लिहितो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे हे विचारणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आधी धातूचं बोलतो, कारण ते मला कळतं. पॉलिश म्हणजे ओरखडा "भरणं" असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, फिरतो तेव्हा ओरखड्याच्या आजूबाजूचं सगळं स्टील त्या ओरखड्याच्या तळापर्यंत खाली उतरवलं जातं. गेलेलं स्टील परत येत नाही. लेसर वेल्डिंगनं भरून पुन्हा आकार देणारे कारागीर जगात आहेत, पण ते काम वेगळं आणि बफिंग वेगळं. माझं घड्याळ ओमेगाचं स्पीडमास्टर आहे. त्याच्या पट्टा बसतो त्या चार पायांना हलका पीळ आहे. पायाच्या कडेला बारीक सरळ रेघांचं मॅट फिनिश, वरच्या वळणावर आरशासारखी चकाकी, आणि दोन्हींच्या मधून एक स्वच्छ धार. बोट फिरवलं तर लागावी अशी धार. मी हे घड्याळ त्या धारेसाठी घेतलं. पन्नास मीटर लांबून कुणाला नाव वाचता यावं म्हणून घेतलं नाही.

पण हेही पूर्ण खरं नाही. 2017 साली पंपाच्या शाफ्टची पहिली मोठी ऑर्डर पुरी झाली, पैसे हातात आले, आणि कुणीतरी ते नाव वाचावं असं मलाही वाटत होतं. त्या पैशांत एक चांगलं सेकंडहँड लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, आलं असतं. बायको तेव्हा काही बोलली नाही. वडील असते तर बोलले असते.

वडील साखर कारखान्यात फिटर. त्यांच्याकडे एचएमटी जनता होतं, रोज सकाळी चावी द्यायचं. डायल मनगटाच्या आतल्या बाजूला यावी असं घालायचे, म्हणजे काम करताना काचेला लागत नाही. तरी लागायचंच. मग रविवारी अंघोळीच्या आधी काचेवर मटाराच्या दाण्याएवढी टूथपेस्ट घ्यायचे आणि धोतराच्या जुन्या तुकड्यानं गोल गोल चोळायचे. दहा मिनिटांत काच नवी. प्लॅस्टिकची, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची काच असते ती. पटकन ओरखडते आणि पटकन निघते. माझ्या घड्याळाची काचही त्याच जातीची आहे. नीलमच्या काचेचं मॉडेलही मिळत होतं, कठीणपणा मोजायच्या मोहच्या मापात 9, किल्लीनं ओरखडा पडत नाही. मी मुद्दाम जुन्या पद्धतीची घेतली. 1969 साली अंतराळवीर आल्ड्रिन चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या स्पेससूटच्या बाहीवर लांब पट्ट्यानं बांधलेल्या स्पीडमास्टरला अशीच काच होती, कारण ती फुटली तरी साध्या काचेसारखे तुकडे उडत नाहीत. पण दुकानात माझ्या डोळ्यांसमोर आल्ड्रिन नव्हता. धोतराचा तुकडा होता.

काचेचे ओरखडे जातात, स्टीलचे जात नाहीत. पहिली दोन वर्षं मी त्या स्टीलला फार जपलं. क्लॅस्पवर, म्हणजे पट्टा बंद करायच्या खटक्यावर, पारदर्शक फिल्म चिकटवायचो. ऑफिसात बसलो की घड्याळ काढून रुमालावर ठेवायचो. शॉपवर येताना गाडीच्या कप्प्यात. शेजारी फाउंड्री आहे. तिथल्या मोल्डिंगच्या वाळूची धूळ आमच्या खिडक्यांवर रोज बसते. ती सिलिका, मोहच्या मापात 7. घड्याळाचं स्टील त्यापुढे मऊच. नुसती बाही घासली तरी बारीक रेघ उमटते. मी रात्री टेबललॅम्पखाली घड्याळ तिरकं धरून रेघा मोजायचो. आता वाटतं, त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट.

महापुराच्या नंतरचा हिवाळा. ऑगस्ट 2019 मधे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. कुपवाड उंचावर, शॉप कोरडं राहिलं, पण निम्म्या पोरांची घरं पाण्यात गेली होती. ऑर्डरी मागं पडल्या होत्या, त्या आम्ही डिसेंबर-जानेवारीत रात्रपाळी करून ओढत होतो. त्या दिवशी मी गिऱ्हाईकाकडून थेट शॉपवर आलो. लांब बाह्यांचा शर्ट, हातात घड्याळ. आमच्या भिंतीवर लाल अक्षरांत पाटी आहे: घड्याळ, अंगठी, कडं, लोंबती बाही, मशीनवर चालणार नाही. ती पाटी मी लिहून घेतली आहे. एका पोराला कडं काढलं नाही म्हणून मी अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता.

लेथवर शाफ्ट फिरत होता. टर्नर तेवीस वर्षांचं पोरगं, कवठेपिरानचं. हात फार चांगला. शाफ्टच्या बेअरिंगच्या जागेवर फिनिश हवी तशी आली नव्हती. मी म्हटलं, बघ, असं, आणि त्याच्या हातातली एमरीची, म्हणजे घासकागदाची, पट्टी घेऊन फिरत्या जॉबला, म्हणजे शाफ्टला, लावली. पट्टीची दोन्ही टोकं लांब धरायची असतात, बोटाला गुंडाळायची नसतात. तीस वर्षं मी हे पोरांना शिकवतोय. मी एक टोक बोटाला गुंडाळलं होतं.

पट्टी जॉबवर चढली आणि हात आत गेला. किती वेळ लागला असेल? अर्धा सेकंद. कफचं बटण तुटल्याचा आवाज ऐकल्याचं आठवतं. तेवढ्यात त्या पोरानं माझं मनगट दोन्ही हातांनी धरून खाली हिसडलं आणि गुडघ्यानं लाल बटण दाबलं. पट्टी तुटली. माझा हात, त्याच्या हातांसकट, हत्यार धरणाऱ्या टूलपोस्टच्या कोपऱ्यावर घासत बाहेर आला. शाफ्ट धरणारा चक गरगरत थांबला.

आणि मी घड्याळ बघितलं.

हे वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली. बोटं आहेत का बघितली नाहीत. त्याच्याकडे बघितलं नाही. मनगट वळवून घड्याळ उजेडात धरलं. डाव्या बाजूच्या खालच्या पायावर, मॅट भागापासून धार ओलांडून चकाकीपर्यंत, एक खोल चर गेली होती. कडेला स्टीलची बारीक कड उचलली गेली होती. मी त्यावरून अंगठा फिरवला. तोंडातून "अरे!" निघालं. ते कुणाला उद्देशून होतं हे त्याला कळलं असणार, कारण तो लगेच म्हणाला, "लई लागलं काय घड्याळाला, मालक?"

हे तो कसल्याही रागानं बोलला नाही. खरंच काळजीनं विचारलं, जणू त्याच्याकडून काही मोडलंय. मग दुसऱ्या मशीनवरचे मामा ओरडले, "त्याचा हात बघा की आधी!" तेव्हा मी बघितलं. त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांच्या पेरांवरचं कातडं टूलपोस्टवर राहिलं होतं. रक्त कूलंटमधे थेंब थेंब पडत होतं. मामांनी हळद दाबली. मी त्याला गाडीत घालून मिरजेला नेलं, टाके घालून घेतले, आठ दिवसांची भरपगारी सुट्टी दिली. करायचं ते सगळं केलं. फक्त त्या वेळी आधी काय बघितलं याबद्दल एक शब्द बोललो नाही. तोही नाही.

फेब्रुवारीत मी घड्याळ पुण्याला एका कारागिराकडे दिलं. तुम्ही म्हणता तसं, पॉलिशला. घरी सांगितलं, चर फार खोल आहे, कपड्यात अडकते. खरं कारण, मला ती चर बघवत नव्हती. चहाचा कप उचलला की दिसायची. दिसली की "लई लागलं काय" ऐकू यायचं. कारागिरानं विचारलं, पूर्ण काढायची? मी म्हटलं, पूर्ण. खुणेपुरतीही ठेवू नका.

त्यानं काढली. पंधरा दिवसांनी घड्याळ परत आलं, चकचकीत. चर नाही. आणि धारही नाही. चारही पाय सारखे दिसावेत म्हणून त्यानं चारही उतरवले होते. जिथं मॅट आणि चकाकी एकमेकांना भिडत होती तिथं आता गुळगुळीत गोलाई होती, खूप वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी. रेघा पुन्हा मारल्या होत्या, पण तिरक्या. मी त्याला दोष देत नाही, मीच पूर्ण काढा म्हटलं होतं. व्हर्नियर लावून किती स्टील गेलं ते मोजायची इच्छा झाली. लावला नाही. आकडा कळून उपयोग नव्हता.

सोमवारी शॉपवर त्या पोरानं लांबूनच ओळखलं. जवळ येऊन बघितलं आणि मनापासून म्हणाला, "आता कळत पण नाही, मालक." त्याच्या पेरांवर गुलाबी कातडं आलं होतं. तिथं मात्र कळत होतं.

मार्चमधे लॉकडाऊन लागला. तो गावी गेला आणि परत आला नाही. पुढं चाकणला लागला, पगार चांगला आहे असं मामांकडून कळलं. त्या वर्षी सगळ्यांचीच पोरं गेली, त्याचं जाणं त्यातलंच असेल. मी स्वतःला तसं सांगतो. फोन नंबर आहे माझ्याकडे. दिवाळीला त्याचा शुभेच्छांचा मेसेज येतो, मी उत्तर देतो. त्या दिवसाचं काही लिहीत नाही.

तर आत्ता तुम्हाला दिसतात ते सगळे ओरखडे त्यानंतरचे आहेत. काही जण माझी बाजू घेतल्यासारखं म्हणतात, "ओरखडे म्हणजे आठवणी असतात." नाही हो. यातल्या नव्वद ओरखड्यांची मला काहीच आठवण नाही. टेबलाची कड, स्कूटरचं हँडल, बँकेचा काउंटर. आणि ज्या एकाची आठवण आहे तो मी पैसे देऊन काढून टाकला. त्यामुळे ते वाक्य माझ्यापुढं बोलू नका.

मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका कारागिराशी मी यावर एकदा वाद घातला होता. ते म्हणाले, तारा टेकतात त्या हाडाच्या घोडीवर घासून घासून चऱ्या पडतात, जवारी, म्हणजे तारेचा झणझणता नाद, बिघडते, आवाज बसतो. मग आम्ही हाड घासून जवारी परत काढतो. दर वेळी हाड थोडं कमी होतं, शेवटी घोडी बदलावी लागते. म्हणून काय घासायचंच नाही? बरोबर आहे त्यांचं. पण तिथं आवाजाला ते लागतं. माझं घड्याळ ओरखड्यांसकट रोज तेवढंच चालतं. सर्व्हिसिंग मी वेळच्या वेळी करतो, तेल, गॅस्केट, सगळं, आणि देताना चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहितो: घड्याळाची केस पॉलिश करू नये. ते कारागीर हसले नाहीत. म्हणाले, "मग तुम्ही ते बघून त्रास का करून घेता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. त्रास होतो. प्रत्येक नवीन ओरखड्याला पोटात बारीक कळ येते. लोकांना वाटतं मी सरावलोय, मोठ्या मनाचा झालोय. नाही झालो. फक्त एवढं केलं की आता लागलं की आधी दुसरीकडे बघतो. कोण जवळ उभं आहे, कुणाला लागलंय का. मग घड्याळ. हे मुद्दाम करावं लागतं, आपोआप होत नाही. आणि पॉलिश न करणं हीसुद्धा एक ऐटच असेल, स्वतःला शिक्षा देतोय असं दाखवण्याची, हेही मनात येऊन गेलंय. असेलही. तरी करणार नाही. त्या पायांवर आता उतरवण्यासारखं फार स्टील उरलेलं नाही.

शॉपवर घड्याळ अजूनही गाडीच्या कप्प्यातच राहतं, फक्त आता कारण पाटीचं आहे. काल संध्याकाळी सगळी पोरं गेल्यावर ते घातलं आणि शटर ओढताना क्लॅस्प कडीला घासला. जवळ कुणी नव्हतं. तरी आधी आजूबाजूला बघितलं. मग दिव्याखाली गेलो. नखाएवढी नवी रेघ, चांगली खोल. अंगठ्यानं तीन-चार वेळा चोळली. गेली नाही. कुलूप लावलं आणि घरी आलो.