लेकीचा रिबनचा हार आणि शाळेचा एक फॉर्म

हार शिवायला मजा आली. तो गळ्यात घालण्याची परवानगी काढताना मात्र मेटाकुटीला आले. पुढच्या वर्षी ज्यांची मुलं बारावी होतील त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि थोडं मनातलं बाहेर काढायलाही.

इथे कॅलिफोर्नियात शाळेच्या ग्रॅज्युएशनला झग्यावर हार घालतात. पद्धत मूळची हवाई बेटांची, तिथे त्याला लेइ म्हणतात. खऱ्या फुलांचा हार महाग पडतो आणि जूनच्या उन्हात लगेच माना टाकतो, म्हणून बरेच जण साटीनच्या रिबनचा करतात. कोणी नोटांच्या घड्या घालूनही करतात. तो पाहिला की आपल्याकडचे नवरदेव आठवतात.

शिवणं अगदी सोपं आहे. शाळेच्या रंगांच्या दोन रिबनी घ्यायच्या, एक रुंद, एक अरुंद. अरुंद रिबन रुंद रिबनीच्या मधोमध ठेवून दोन्हींतून सरळ धावदोरा घालत जायचं. टाके अर्ध्या इंचाचे. सुई बाहेर न काढता चुण्या तिच्यावरच गोळा करत राहायच्या आणि मग मागे दोऱ्यावर सरकवायच्या. दाबून बसवल्या की रिबन आपोआप पीळ घेते आणि फुलांची माळ असावी तशी गोल दिसते. गोधडीची लांब सुई यासाठी उत्तम. दोरा नायलॉनचाच घ्या, साधा रिळाचा दोरा चुण्या ओढताना तुटतो. पूर्ण हार साधारण चाळीस इंचांचा. त्याला प्रत्येक रिबन लागते दहा-बारा वार, म्हणजे नऊवारीपेक्षा जास्त!

तर, तो फॉर्म.

शाळेची मेल आली: झग्यावर काहीही घालायचं असेल तर आधी मंजुरी घ्या. फॉर्ममध्ये वस्तूचं नाव, माप, फोटो, आणि शेवटी ‘धार्मिक किंवा सांस्कृतिक महत्त्व’. मी तिथे ‘आनंद’ असं लिहून दिलं. परत आला. शेरा: संस्कृतीचं नाव लिहा.

आता काय लिहू? हवाई लिहावं तर आम्ही साताऱ्याचे. दुसऱ्याच्या घरची रीत आपली म्हणून खपवणं मला पटेना. भारतीय लिहावं तर चुण्यांचा हा हार भारतात कोण घालतं? नवरा म्हणाला, “अगं, 1 मे लिही. आपला महाराष्ट्र दिन आणि हवाईचा लेइ दिवस एकाच तारखेला असतात.” हे खरंय. हवाईत 1920 च्या दशकापासून 1 मेला लेइ दिवस साजरा होतो. पण योगायोग लिहायला त्या फॉर्मात रकाना नव्हता.

ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, हे उपमुख्याध्यापक बघतात. उपमुख्याध्यापक मीटिंगमध्ये. मेल करा म्हणाल्या. मेल केली, तर उत्तर आपोआप येणारं: परीक्षांच्या गडबडीमुळे उशीर होईल. पुन्हा गेले तर ऑफिस बंद व्हायची वेळ झालेली, बाई पर्स आवरत होत्या. मी मराठी संस्कृती असं लिहू का विचारलं, तर त्या अगदी सालसपणे म्हणाल्या, “तो तुमचा धर्म का?” राग त्यांचा नाही हो आला. राग आला त्या रकान्याचा. आपल्या मुलीच्या गळ्यात हार घालायला संस्कृतीचा दाखला लागावा?

शेवटी घरी बसून कायदाच शोधला. 2018 मध्ये इथे एक कायदा मंजूर झाला, शिक्षण संहितेचं कलम 35183.1. इथल्या आदिवासी समाजांचा पारंपरिक पोशाख, तसंच धार्मिक किंवा सांस्कृतिक महत्त्वाच्या मान्य वस्तू विद्यार्थी ग्रॅज्युएशनला घालू शकतात. अट इतकीच की त्या टोपी आणि झग्याच्या जागी नकोत, त्यांच्यासोबत हव्यात. समारंभात मोठा व्यत्यय येईल अशी वस्तू मात्र शाळा नाकारू शकते. रिबनने कसला व्यत्यय येणार!

मग नव्याने लिहिलं: ‘आम्ही मराठी. आमच्यात सत्काराच्या वेळी हार घालतात. हा हार हवाईच्या पद्धतीने आईने शिवला आहे.’ खाली कलमाचा नंबर टाकला. दुसऱ्याच दिवशी मंजुरीची मेल. एका ओळीची. इतके दिवस ती कुठे अडली होती कोण जाणे. मी ती मेल छापून फ्रिजवर लावली, आणि हो, मला त्याचा अभिमान आहे.

फोटोसाठी अख्खा हार तयार लागत नाही, वीतभर शिवलेला तुकडा चालतो. फॉर्म मिळाल्या दिवशी भरून टाका, शिवण नंतर.

मघाशी राहिलं: रिबनची कापलेली टोकं मेणबत्तीवर हलकी धरायची, म्हणजे धागे सुटत नाहीत. पॉलिएस्टरची रिबन असेल तरच. ती वितळून बंद होते, सुती असेल तर पेट घेईल. ज्योतीच्या टोकावर धरलं तर काजळी बसते, खाली निळसर भागाजवळ धरा. खिडकीही उघडा, नाहीतर धुराचा अलार्म सगळ्या बिल्डिंगला बोलावतो. रिबन दोन्ही बाजूंनी चमकणारी घ्या. एका बाजूची स्वस्त मिळते, पण पीळ पडला की मागची निस्तेज बाजू वर येते.

घालताना आपल्या हारासारखा सगळा पुढे सोडायचा नाही. लेइ खांद्यावर ठेवतात, निम्मा पुढे, निम्मा पाठीवर. लेकीने हे मला समारंभाच्या गेटवर सांगितलं, आणि तिथल्या तिथे फिरवून घेतला.

रिबन एप्रिलमध्येच आणून ठेवा. मे उजाडला की शाळेच्या रंगांचे रोल दुकानात सापडत नाहीत.