तुम्ही विचारलंत म्हणून: बारा जण गावाला लढायला कसं शिकवतात?

देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी जवळ असल्यामुळे नाशिकमध्ये हे नेहमी विचारलं जातं: परक्या युद्धात स्पेशल फोर्सेसचे बाराच जण जाऊन तिथल्या लोकांची फौज उभी करतात, ती कशी? देवळालीत शिकायला येणारा जवान आधीच सैन्यातला असतो. पगार, हुद्दा, हुकूम कोणाचा, सगळं ठरलेलं. परक्या युद्धात यातलं काहीच ठरलेलं नसतं.

अमेरिकी स्पेशल फोर्सेसच्या बारा जणांच्या तुकडीत शस्त्रं, बांधकाम-सुरुंग, वैद्यकीय आणि रेडिओ या प्रत्येक कामाला दोघे असतात. त्यामुळे सहा-सहा जणांत विभागूनही काम चालतं.

व्हिएतनाममध्ये १९६१ च्या अखेरीस बुआन एनाव या, रादे नावाच्या डोंगरी जमातीच्या गावात काम सुरू झालं. दवाखाना उघडला, गावकऱ्यांनी कुंपण घातलं, बायकामुलांसाठी आसरे खणले. आपलं म्हणून राखायला काही असलं की माणूस पहाऱ्यावर टिकतो.

नेमबाजीत दुभाषाची अडचण मोठी. लांबलचक सूचना वाटेतच बिघडते, म्हणून बोलायचं कमी, हातांनी दाखवायचं जास्त. २५ मीटरवर तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही छिद्रं एकमेकांजवळ पडेपर्यंत साइटला (नेम धरायच्या खुणेला) हात लावायचा नाही. घाईतला शिक्षक एकाच गोळीवरून साइट फिरवतो. चूक असते ट्रिगरला दिलेल्या झटक्यात, आणि चांगली बंदूक बिघडून बसते. लहान चणीच्या माणसाला साडेचार किलोच्या आसपासची गरँड रायफल दिवसभर वागवणं कठीण. अडीच किलोच्या आतली एम-१ कार्बाइन त्याला झेपते, पण लांबच्या माऱ्याला ती कमी पडते.

तरी हे सोपंच म्हणायचं. खरं अवघड ते हस्तांतर, म्हणजे उभी केलेली फौज तिथल्या सरकारच्या हाती देणं. डोंगरी जमातींच्या हाती शस्त्रं असणं सायगावला, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या सरकारला, खुपत होतं, आणि या जमातींचा विश्वास बसला होता तो परक्या शिक्षकांवर. सप्टेंबर १९६४ मध्ये काही तळांवर याच शिकवलेल्या माणसांनी बंड केलं. व्हिएतनामी सैनिक मारले गेले.

म्हणून पहिल्या पगारापासून पैसे स्थानिक अधिकाऱ्याच्या हातूनच जायला हवेत: सगळ्यांसमोर, नाव पुकारून, मोजून, अंगठा घेऊन. शिक्षकाने फक्त शेजारी उभं राहून आकडा बरोबर आहे ना, ते पाहायचं.