एका डबीत दोन तुकडे

आमच्या कुत्र्याच्या, ठिपक्याच्या, ऑपरेशनला पाऊण तास लागला. त्यातून निघालेल्या तुकड्यांचा रिपोर्ट यायला लागले २३ दिवस. त्यातले १२ दिवस ते तुकडे लॅबच्या कपाटात नुसते पडून होते. का, तर फॉर्मवर ‘नमुन्यांची संख्या’ या चौकटीत कुणीतरी १ लिहिलं होतं आणि डबीत निघाले २. अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले आहे.

आधीचं थोडक्यात सांगते. ठिपक्या नऊ वर्षांचा, पांढऱ्यावर काळे डाग. मागच्या उजव्या पायावर, गुडघ्याच्या खाली, शर्टाच्या बटणाएवढी गाठ आली. ती एक दिवस फुगायची, दोन दिवसांनी बसायची. बसली की आम्ही खूश. मास्ट सेल ट्यूमर, म्हणजे कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशींचा कॅन्सर, असाच फसवतो. त्या पेशींमध्ये हिस्टामिन भरलेले कण असतात, धक्का लागला की ते बाहेर पडतात आणि आजूबाजूला सूज येते. मी तर आठवडाभर रोज ती गाठ दाबून बघत होते. तुम्ही हे करू नका.

सुईची तपासणी दहा मिनिटांत झाली. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलंही: गोल पेशी, आत शाई शिंपडल्यासारखे जांभळे कण. डाव्या कुशीवर तेवढीच आणखी एक गाठ होती. तिच्यात सुई घातली तर नुसतं रक्त आलं. “भूल देतोच आहोत, तर तीही काढून टाकू,” डॉक्टर म्हणाले. मी लगेच हो म्हटलं.

पायावर कातडी ताणलेली असते, त्यामुळे गाठीभोवती एक सेंटिमीटर चांगली कातडी घेतानाच त्यांची कसरत झाली. पूर्वी सरसकट दोन सेंटिमीटर घ्यायचे. आता लहान गाठीला तिच्या रुंदीएवढी कड आणि खाली आवरणाचा एक थर पुरतो, असं बरेच सर्जन मानतात. कुशीवर कातडी भरपूर सैल, पण ती गाठ किरकोळ समजून बेताचीच कापली. ऑपरेशनआधी अँटिहिस्टामिन दिलं होतं, भूल छान उतरली, टाके वेळेवर निघाले. गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या नरसाळ्याने घरातल्या सगळ्यांच्या पोटऱ्या सोलून निघाल्या, पण ते चालायचंच.

त्या सकाळी माझ्या हातात आणखी एक फॉर्म आला होता. उरलेल्या ऊतीचा थोडा भाग आणि रक्त एका संशोधनासाठी द्यायला मालकाची संमती हवी होती. या गाठींमधल्या काहींत ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड सापडतो, त्यावर ते काम होतं. फॉर्म चार पानांचा. प्रत्येक गाठ कुठल्या बाजूला, कधी दिसली, किती मोठी, आणि केस काढल्यावर शेजारी पट्टी ठेवून फोटो. मी कुरकुर करत भरला. नर्सने पट्टी धरली, मी मोबाइलवर फोटो काढले. तुकड्यांबरोबर लॅबला जाणारा फॉर्म मात्र अर्ध्या पानाचा होता आणि तो मी पाहिलासुद्धा नाही. मालकाला तो कुणी दाखवतच नाही.

लॅबचा रिपोर्ट साधारण आठवड्यात येतो असं सांगितलं होतं. आठव्या दिवशी मी क्लिनिकला फोन केला. “लॅबमध्ये गर्दी आहे, मॅडम.” अकराव्या दिवशी पुन्हा. “येईल हो, आला की आम्हीच कळवू.” या दिवसांत मी रात्री जागून जे वाचायला नको ते सगळं वाचलं. गाठ किती आक्रमक हे सांगणाऱ्या तीन श्रेणी पॅथॉलॉजिस्ट पटनाईक यांनी १९८४ साली मांडल्या, पण बऱ्याच गाठी मधल्या श्रेणीतच जाऊन बसतात. पुढे २०११ साली किउपेल आणि सहकाऱ्यांनी ९५ कुत्र्यांच्या गाठी २८ पॅथॉलॉजिस्टना दाखवल्या, तर पहिली की दुसरी श्रेणी यावर त्यांचंच नीट जमेना. म्हणून त्यांनी ‘लो’ आणि ‘हाय’ अशा दोनच श्रेणी सुचवल्या, आणि त्यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत झालं. तुमच्या रिपोर्टवर नुसतं ‘ग्रेड २’ लिहिलेलं असेल, तर दोन श्रेणींच्या पद्धतीत ती कुठे बसते हे जरूर विचारा. पण त्यासाठी आधी रिपोर्ट यायला हवा ना!

चौदाव्या दिवशी मी बिलावरून लॅबचा नंबर शोधला. पलीकडच्या बाई ठाम होत्या: “मालकांना माहिती देत नाही, डॉक्टरांना फोन करायला सांगा.” मी म्हटलं, रिपोर्ट नका सांगू, काम सुरू झालंय का एवढंच सांगा. त्या जरा थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “होल्डवर आहे. आम्ही तिसऱ्याच दिवशी क्लिनिकला मेल केलाय.”

मेल गेला होता सहा महिन्यांपूर्वी क्लिनिक सोडून गेलेल्या एका डॉक्टरांच्या पत्त्यावर.

लॅबने थांबवलं ते बरोबरच होतं, हे मला राग शांत झाल्यावर कळलं. तुकडे कापून मेणाच्या ठोकळ्यात बसवले की त्यावर जो नंबर पडतो तोच कायमचा. दोन्ही तुकड्यांत कॅन्सर असेल, एकाची कड स्वच्छ आणि दुसऱ्याच्या कडेपर्यंत पेशी पोचलेल्या असतील, तर पुन्हा कुठे कापायचं? कुशीवर असेल तर सोपं. पायावर असेल तर तिथे ओढून घ्यायला कातडीच नाही. मग दुसरीकडची कातडी लावा, नाहीतर रेडिएशन, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. कुठला तुकडा पायाचा आणि कुठला कुशीवरचा, हे मापावरूनही ठरवता येत नव्हतं, कारण कातडी कापल्याबरोबर आकसते आणि तुकडे टिकवायच्या द्रवात, फॉर्मॅलिनमध्ये, आणखी. तुकड्याच्या एका टोकाला ओळखीचा टाका घालून ठेवतात, तोही घातलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, “मोठा तुकडा पायाचाच असणार.” ‘असणार’! बारा दिवस वाट बघून मला ‘असणार’ नको होतं.

त्या रात्री मला ते चार पानी लफडं आठवलं. मोबाइल उघडला. पायावरची कातडी सगळी गुलाबी. कुशीवरच्या गाठीच्या एका बाजूला काळ्या डागाची कड, कोयरीच्या शेपटीसारखी वळलेली. सकाळी सात वाजता मी ते फोटो डॉक्टरांना पाठवले, त्यांनी लॅबला, आणि दुपारपर्यंत उत्तर आलं: एका तुकड्यावर तशीच काळी शेपटी आहे. संशोधनाच्या फॉर्मला मी मनातल्या मनात घातलेल्या शिव्या परत घेतल्या. तरी फोटो मी काढले होते, हे इथे नमूद करते.

रिपोर्ट २३ व्या दिवशी आला. दोन्ही मास्ट सेल ट्यूमर, दोन्ही लो ग्रेड. पायाच्या कडा स्वच्छ. कुशीवरच्याच्या एका कडेपर्यंत पेशी. म्हणजे किरकोळ समजून कापलेलीच अडकली. लो ग्रेड असल्यावर नुसतं लक्ष ठेवणं हाही पर्याय होता, पण कातडी सैल आहे, तर पुन्हा काढू, असं आम्ही ठरवलं.

मधेच राहिलेलं: तुमच्या कुत्र्याच्या अंगावर अनेक गाठी असतील, तर कागदावर त्याची बाह्याकृती काढून त्यावर खुणा करा. प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत, प्रत्येक डबीवर जागा आणि डावी-उजवी बाजू. चिठ्ठी डबीच्या अंगावर हवी, झाकणावर नको, झाकणं अदलाबदल होतात. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट. आणि क्लिनिकने लॅबला कुठला मेल पत्ता दिलाय हे विचारा. हसतील तर हसू दे.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मी डबी निघायच्या आधी फॉर्म मागून घेतला. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, सही माझी असते त्यावर.”

“करा की सही. आधी मला वाचू दे.”

संख्या १, डावी कुशी, आधीच्या रिपोर्टचा क्रमांक, पुढच्या टोकाला निळा टाका. सगळं होतं. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला: जुन्या जखमेचा व्रण, ट्यूमरच्या पेशी आढळल्या नाहीत.