हातावरची तुळस

परदेशातले अनुभव लिहा म्हणताय. गोवा म्हणजे परदेश नव्हे, कबूल. पण 1961 पर्यंत इथं पोर्तुगीजांचं राज्य होतं, आणि कोल्हापूरच्या माझ्या मावशा अजूनही 'तिकडं कसं चाललंय?' असं विचारतात, जणू मी लिस्बनलाच राहते. तेव्हा चालवून घ्या.

परवा म्हापशाजवळच्या एका गावात, देवळाच्या सभागृहात रक्तदान शिबिर होतं. कॉलेजपासून रक्त देतेय, त्यामुळे ऐटीतच गेले. हिमोग्लोबिन 12.8 निघालं, लागतं 12.5. वजन विचारू नका, ते तर भरपूर. मग फॉर्मवर प्रश्न आला: गेल्या 12 महिन्यांत टॅटू काढलाय का? मी प्रामाणिकपणे 'हो'वर खूण केली आणि तिथंच गाडी अडली.

पाच महिन्यांपूर्वी हरमलला मनगटाच्या वर तुळशीवृंदावन काढून घेतलंय. हौस म्हणून नाही हं. आजीच्या हातावर होतं तेच, तिच्या फोटोवरून. आजी म्हणायची, मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं. तिचं गोंदण हिरवट निळं होतं, म्हणून मी तसाच रंग मागितला. तो मुलगा हसला. म्हणाला, काळीच शाई घाला, कातडीखाली खोल गेलेला काळा रंग वर्षं सरली की आपोआप निळसर दिसतो.

त्या मुलाचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. आधी आधारकार्ड पाहिलं. सुईचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं. शाई एवढ्याशा टोपणात काढली, उरलेली फेकून दिली. दोनदा हातमोजे बदलले. वर मला दटावलं, दोन आठवडे समुद्रात उतरायचं नाही. गोव्यात राहून! आणि आमच्याकडच्या जत्रेत? बॅटरीवरचं मशीन, रांगेतल्या सगळ्यांना एकच सुई, पुसायला एकच फडकं. त्या फडक्याचा मूळ रंग मी कधी पाहिला नाही. अर्थात आमच्या आजीला काही झालं नाही. ती शहाण्णव वर्षं जगली.

हे सगळं मी शिबिरातल्या डॉक्टरांना सांगितलं. सुईच्या पाकिटाचं तर दोनदा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सुई नवी होती हे तुम्ही सांगता बाई, रक्त सांगत नाही." कावीळ बी, सी किंवा एचआयव्हीची लागण नुकतीच झाली असेल तर तपासणीत निसटू शकते, म्हणून वर्षभर थांबायचं. नाक टोचलं तरी हेच. मी पुटपुटले, आमच्याकडं एवढं करत नाहीत. "नियम देशभर एकच आहे. कोल्हापुरात विचारत नसतील तर तुम्हीच सांगत जा," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

राग आला तो आलाच. 12 महिने म्हणजे काय थोडे?

निघाले तर नर्सबाईंनी थांबवलं. माझा हात उलटा करून तुळस निरखली. "माझ्या आवयच्या हातार अशीच आसली," म्हणाल्या, आणि रक्तदात्यांसाठी ठेवलेला बिस्किटांचा पुडा आणि कॉफीचा कप माझ्यापुढं सरकवला. रक्त न देता मी दोन्ही संपवलं.

रात्री आईचा फोन. "दिलंस का गं रक्त?" म्हटलं, हो, बिस्किटंसुद्धा खाल्ली. तुळस तिला अजून दाखवलेली नाही. व्हिडिओ कॉल करते तेव्हा लांब बाह्यांचं काहीतरी घालून बसते, गोव्याच्या या उकाड्यात.